बंदुकीच्या कपाटाची किल्ली

आमच्या घरात काय कुठे आहे ते मला विचारायचं, ही पद्धत लग्नापासूनची. मिलिंदचा पासपोर्ट, मिलिंदचा चष्मा, मिलिंदच्याच डोक्यावर चढवलेला मिलिंदचा चष्मा, सगळं मी शोधून देते. त्यामुळे पोलिसांकडून आलेल्या बाईंनी मला किल्लीचं विचारलं आणि मी सांगितलं, यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

झालं असं. इंग्लंडमधलं आमचं नॉटिंगहॅमचं घर विकून आम्ही गावाबाहेर चार एकर जमीन घेतली. हट्ट माझा. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी सोडून मी मेथी, कोथिंबीर, मुळा, नवलकोल लावायला लागले. नॉटिंगहॅममधली मराठी घरं शनिवारी माझ्या भाजीची वाट बघायची. पण त्यांच्याआधी ताव मारायचे ससे. मेले एका रात्रीत अख्खा वाफा फस्त करायचे! जाळी लावली, तर खालून उकरून आत आले.

मिलिंद दिवसभर लॅपटॉपसमोर. शेतात त्याचा जीव रमेना. एक दिवस म्हणाला, "अरुणा, अजून एक सीझन बघू. ससे हटले नाहीत, तर विकून परत नॉटिंगहॅमला जाऊ."

विकायचं? ते शेत मला हवं होतं, अगदी मनापासून.

शेजारच्या ग्रॅहमने उपाय सांगितला, शॉटगन. जमीन तुमची, त्यामुळे ससे मारायला हरकत नाही. पण बंदूक ठेवायची तर पोलिसांचं सर्टिफिकेट हवं. हे ऐकून मिलिंदला एकदम हुरूप आला. नेमबाजीच्या क्लबमध्ये जाऊन मातीच्या उडत्या चकत्या फोडायला शिकला. ट्वीडची टोपी आणली, ती घालून आरशासमोर उभा राहायला लागला. डॉक्टरांचा रिपोर्ट झाला, भिंतीला पोलादी कपाट ठोकलं, आणि घर तपासायला जिल नावाच्या ऑफिसरबाई आल्या.

मिलिंदने अभ्यास चोख केला होता. शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर कोणी चालत असेल तर थांबायचं, रस्त्याजवळ बार काढायचा नाही, फेझंट पक्षी शेतात येऊन कितीही मिरवला तरी शिकारीचा सीझन नसताना हात लावायचा नाही. सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मग जिलबाई माझ्याकडे वळल्या. "कपाटाची किल्ली कुठे असते, माहीत आहे तुम्हाला?"

"मला? या घरात मला माहीत नाही असं काही आहे का?" मी ताडकन उठले, मिलिंदच्या जुन्या बुटात हात घातला आणि किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "त्याला वाटतं, लपवलीय!"

मिलिंदचा चेहरा पडला. जिलबाईंनी शांतपणे सांगितलं, ज्याचं सर्टिफिकेट त्यालाच किल्लीचा पत्ता. बायकोलासुद्धा कळता कामा नये.

बायकोलासुद्धा? अहो, मग संसार कसा करायचा माणसाने?

त्या गेल्यावर मिलिंदने ट्वीडची टोपी खुंटीला टांगली. मी मनातून हादरले होते. माझ्याच तोंडाने मी माझं शेत घालवत होते.

मिलिंदने मग किल्ली ठेवायला आकड्यांच्या कुलुपाची छोटी तिजोरी आणली. नंबर मला सांगितला नाही. जिलबाई पुन्हा आल्या. पुन्हा माझ्याकडे वळल्या. "आता नंबर माहीत आहे?"

मिलिंदने मला डोळ्यांनी विनवलं. पण पोलिसांसमोर खोटं बोलणं मला जमणार आहे का? "त्याने सांगितलेला नाही," मी म्हटलं. "पण त्याला जन्मात एकच नंबर पाठ आहे, दहावीचे मार्क. सहाशे एकवीस. चार आकडे हवेत, तर आधी एक शून्य लावून बघा."

तिजोरी उघडली. जिलबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही काही लपवलंत, तर यांना सापडेल?"

"याला? याला समोर ठेवलेलं जिरं सापडत नाही!"

"मग अर्ज तुम्हीच का करत नाही?"

मी आणि बंदूक! साधं झुरळ दिसलं तर मी स्टुलावर चढते. पण प्रश्न शेताचा होता. मिलिंद फुरंगटून बसला, मी क्लबमध्ये गेले. खांदा सुजला, चकत्या हसत हसत निघून जायच्या, तरी मी हटले नाही. शेवटी सर्टिफिकेट आलं, माझ्या नावाचं. किल्ली कुठे ठेवते ते तुम्हालाही सांगणार नाही.

पहिला ससा पडला तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? ग्रॅहम तो स्वयंपाकाला घेऊन गेला, आणि मी वाफ्याच्या कडेला बसून राहिले. पण मेथी वाचली.

मग मिलिंदनेच नियम वाचून काढला. आमच्या जमिनीवर, माझी बंदूक घेऊन तोही ससे मारू शकतो; फक्त मी शेजारी हजर हवी. झालं! रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटून स्वारी स्वयंपाकघराच्या दारात. "अगं, येतेस ना?" नेम त्याचा माझ्यापेक्षा बरा. पण ससे काही लगेच येत नाहीत, त्यामुळे बसून गप्पा होतात. कुठल्या वाफ्यात काय लावलंय, हे त्याला आता मला विचारावं लागत नाही.

परवा जिलबाईंचा फोन आला. म्हणाल्या, मिलिंदला हवं तर वेगळं कपाट घेऊन नव्याने अर्ज करता येईल. मिलिंद म्हणाला, "थँक यू, पण नको. मी अरुणाबरोबरच जातो."

"अरे, एवढी हौस होती ना तुला?" मी विचारलं.

"एकटा गेलो तर बोलू कोणाशी?" तो म्हणाला, आणि खिडकीतून बाहेर बोट दाखवत, "ते बघ, त्या कुंपणापाशी ऊन चांगलं येतं. तिथे प्लास्टिकच्या कापडाचं पॉलीटनेल उभारू. पुढच्या वर्षी वांगी करू आपण."

पुढच्या वर्षी! मला एकदम भरून आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली आणि ओरडले, "आधी ते चिखलाचे बूट बाहेर काढ!"