सहदेवाची मिशी

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता. तो पाहताच, मजकूर वाचण्याआधीच, सहदेव खाली बसला. चौतीस सालचा भाद्रपद होता. पुण्याच्या स्टुडिओत सरदाराच्या पोशाखात उभा असताना त्याला कळलं, की पोलादपूरच्या वरच्या वाडीत त्याची बायको आवडी तापाने गेली. कार्ड यायला पाच दिवस लागले होते.

मालक म्हणाले, "जा. पण मिशीला हात लावू नका. बोलपट अर्धा झालाय. चिकटवलेली मिशी पडद्यावर लगेच ओळखू येते."

सुरुवातीची चौदा वर्षं सहदेवाने नाटक कंपनीत नायिकांची कामं केली होती, रोज ओठ गुळगुळीत करून. वाडीत मिशी उतरायची ती बाप किंवा बायको गेल्यावर. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाप मुंबईला कामाला होता. आईने लांबूनच ते तोंड पाहिलं, हंबरडा फोडला आणि बांगड्या फोडायला हात उचलला. पाणवठ्यावर बाया आवडीला विचारायच्या, "शालू तुझा का त्याचा गो?" ती ऐकून घ्यायची. गेली आठ वर्षं तो आधी मूकपटांत, मग बोलपटांत होता. तिथे बायकांची कामं बायकाच करू लागल्या आणि सहदेवाने मिशी राखली.

महाबळेश्वरावरून घाट उतरताना त्याला एकच घोर होता. काढली तर बोलपट अडतो. नाही काढली तर, जिने त्याच्यापायी एवढं सोसलं तिच्यासाठी एवढंसुद्धा केलं नाही, असं होतं. ती मनात राग धरून गेली असेल, असं त्याला वाटत होतं.

दहाव्याला सगळे नदीवर जमले. अग्नी पुतण्या मुरारीने दिला होता, त्याचं डोकं भादरून झालं. मग रामा न्हावी वस्तरा पुसत सहदेवाकडे बघत राहिला.

चुलता कुशाबा म्हणाला, "बस की रे. इतकी वर्सं फुकट काढलीस, आज कारणानं काढ."

सहदेव रामापुढे बसला. "काढ," म्हणाला.

"थांब रे रामा!" काठावरून सासू ठकूबाई ओरडली. "जावयबापू, उठा. तापात पोरगी मला बजावून गेलीय. म्हणली, आये, ते येतील नि लगेच ओठ पुढं करतील. करू देऊ नको. चौदा वर्सं बोडक्या तोंडाचा नवरा सांभाळला, आता कुठं मिशीवाला गावलाय."

आधी मुरारी हसला, मग रामा. कुशाबाने मान हलवली. "जिती होती तवा तिच्यापुढं कुणाचं चाललं नाय. आता काय चालणार!"

रामाने वस्तरा मिटला. सहदेव हसत उठला. कार्ड आल्यापासून पहिल्यांदाच त्याची छाती हलकी झाली. ती रागावून गेली नव्हती.

तेरावं झाल्यावर तो पुण्याला परतला. बोलपट पुरा झाला.

पूर्वी नाटक कंपनीचा मुक्काम महाडला होता, तेव्हा त्याने लाजेपोटी आवडीला खेळाला येऊ दिलं नव्हतं. हा बोलपट दाखवायला भातकापणीनंतर तो तिला पुण्याला नेणार होता. बावीस वर्षांत तिने त्याचं एकही काम पाहिलं नाही. ते राहिलं.