कडू वाटा

एड्सवरच्या त्या नव्या औषधाला अजून मंजुरी नव्हती. चाचणीत नाव लागलं तरच ते मिळे. त्यातही निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती साखर, आणि कोणाला काय हे डॉक्टरांनाही ठाऊक नसे. रक्त गोठत नाही म्हणून वरचेवर रक्त घ्यावं लागणाऱ्या दोघा भावांना त्या रक्तातूनच आजार लागला होता. दोघांचीही नावं लागली.

धाकटा शिंपी. त्याने दोन्ही बाटल्यांतली एकेक कॅप्सूल उघडून पूड जिभेवर ठेवली. दादाची कडूजहर, त्याची गोड.

"झालं! लहानपणापासून गोडाचा वाटा तुझाच," दादा म्हणाला. दोघं हसले.

"बाटल्या बदलू," दादा म्हणाला. "तुझी पोर अजून रांगतेय."

"आणि तू काय देवाला जड झालास?"

"मोठ्या भावाचं ऐकावं."

"आजवर ऐकलंय कधी?"

धाकट्याने दादाच्या कॅप्सूल कापड बेतायच्या टेबलावर ओतल्या, खडूने मधोमध रेघ ओढली आणि एक इकडे, एक तिकडे अशा सारायला लागला. रोज दोनऐवजी प्रत्येकाला एकच कडू.

"अर्ध्या औषधाने दोघंही नाही वाचलो तर?"

धाकट्याचा हात थांबला. "तर नाही वाचलो. पण तुझ्या तोंडचा घास काढून मला जगता यायचं नाही, दादा."

दादाने देवाचं नाव घेतलं आणि आपल्या बाजूची एक कॅप्सूल उचलली.