यमुनाबाईंचा पोह्यांचा डबा

या मित्रांनो, असे लांब का बसलात? जरा पुढे सरका. कीर्तनात बुवा पूर्वरंग संपवून कथेला हात घालतात ना, तसा मीही आज घालणार आहे. कथा छोटीच आहे, सकाळच्या नाश्त्याची.

मी एक जुना पितळी डबा आहे. जाड अंगाचा, घट्ट झाकणाचा. यमुनाबाईंनी लग्नाच्या वर्षी मला गावच्या जत्रेतून घरी आणले. देवळात कीर्तन असले की सुंठवडा माझ्यातूनच वाटला जाई. झांजा माझ्याच जातीच्या. त्या वाजल्या की माझेही पितळ आतून गुणगुणे.

पण माझे नाव झाले ते दडप्या पोह्यांमुळे. पातळ पोहे, ओला नारळ, कांदा, लिंबू असे कालवून माझ्यात भरायचे आणि वर पाण्याचा तांब्या ठेवून दडपायचे. प्रवासाला निघालेले घर माझ्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. पुढे प्लास्टिकचे डबे आले आणि मी माळ्यावर गेलो. सहलीपुरता मात्र अजूनही खाली उतरतो.

या थंडीत यमुनाबाई, मुलगा संदेश, सून दीपाली आणि नात सानवी आरे-वारेला दोन दिवस राहायला आली. समुद्रासमोरचे हॉटेल. काउंटरवरच्या बाईंनी विचारले, “खोली नाश्ता धरून हवी, की नुसती?”

“नुसती द्या,” संदेश म्हणाला आणि माझ्या झाकणावर थाप मारली. “नाश्त्याला पैसे कशाला घालायचे? आमच्या दडप्या पोह्यांपुढे तुमचा उपमा काय टिकणार!”

खरे सांगतो, मी फुगलो.

“पोहे, नारळ सगळं आहे,” दीपाली म्हणाली. “खवणीपण आणलीय.” तिने पिशवी खाली ठेवली तशी आत काहीतरी जड वाजले.

“आई, समुद्रावर खवणी?” सानवी खो खो हसली. “तीपण टॉवेलात गुंडाळून!”

संदेश हसला, काउंटरवरच्या बाई हसल्या. दीपालीही हसली, पण सगळ्यांच्या मागून.

यमुनाबाई हसल्या नाहीत. “उद्या किती वाजता उठशील गो?”

“तुम्ही सगळी समुद्रावर जाल ना, तेवढ्यात करीन मी.”

यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या काय आठवत होत्या, ते मला ठाऊक होते; तेव्हा मी तिथेच होतो.

“अशीच आमची सहल आली होती गणपतीपुळ्याला,” त्या म्हणाल्या. “सगळी वाळूवर गेली, आणि मी धर्मशाळेच्या पडवीत नारळ खवत बसले. समुद्र मी पाह्यला तो परतीच्या एसटीतून. संदेश, नाश्ता धरून घे.”

“अगो आई, पण पोहे...”

“मग तू खव! दे गो दीपाली, खवणी दे ह्याला.”

संदेशने पिशवीकडे पाहिले, आईकडे पाहिले.

“देवालासुद्धा आपण वाढलेलं ताट नेऊन दाखवतो रे,” यमुनाबाई हळूच म्हणाल्या. “हिला आयतं ताट कधी मिळालं?”

संदेश काउंटरकडे वळला. “नाश्ता धरून द्या.”

सकाळी मी खोलीच्या खिडकीत रिकामाच होतो. खाली अंगणात टेबले मांडलेली. उपमा खारट होता म्हणे. संदेशने दोनदा बोलून दाखवले. दीपाली समुद्राकडे तोंड करून बसली होती. वाढणाऱ्याने विचारले, “ताई, आणखी देऊ?” तिने मागे वळून पाहिले. तो दुसऱ्याच कुणाला विचारतोय असे तिला वाटले. मग तिने ताटली पुढे केली.

उपमा पैशाच्या तोडीचा होता की नाही, ते मी काय सांगू? मी पोह्यांचा डबा.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना कल्हई करा, आमची झाकणे आपटू नका, एवढे मी मागणारच. पण सहलीत डबा उघडलात, तर पहिला घास घेण्याआधी पाहून घ्या, तो भरणारी बसली आहे का. आणि तेव्हा पडवीत नारळ खवत राहिलेल्या माझ्या यमुनाबाईंची आठवण काढा.