हवा कापणारी कात्री

मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. अजून जवळ. घाबरू नका, मी कापते, पण सांगून कापते. आज तुम्हाला एका आवाजाची गोष्ट सांगणार आहे. ती शेवटपर्यंत ऐका, कारण शेवटी मला तुमच्याकडे काहीतरी मागायचे आहे.

मी एक जुनी कात्री आहे, केस कापणारी. लोहाराने मला भट्टीत लालबुंद केले, ऐरणीवर बडवले, सहाणेवर घासले. माझी दोन पाती त्याने जोडीनेच घडवली आणि मधोमध एका स्क्रूने बांधून टाकली. तेव्हापासून त्या दोघांचे भांडण आणि संसार एकाच जागी चालू आहे.

तिथून मी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या एका सलूनमध्ये आले. एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीला टेकलेले बाक, एवढाच पसारा. मालकही तोच आणि कारागीरही तोच. त्याला सगळे दादा म्हणत. दादा फणीने केस उचली, कापी आणि पुढची बट धरण्याआधी मला हवेतच वाजवी. कच्... कच्कच्. एक लांब, दोन आखूड. त्यात केस एकही पडत नसे. नवखे गिऱ्हाईक विचारी, हवा कशाला कापतोस रे? दादा म्हणे, हाताला श्वास नको का घ्यायला?

खुर्चीत बसलेला माणूस चष्मा काढून ठेवतो, डोळे मिटतो आणि आपली मान दुसऱ्याच्या हाती देतो. मी कुठे आहे, हे तेव्हा त्याला फक्त कानाने कळते. माझा आवाज म्हणजे त्याला दिलेला शब्दच. त्या आवाजावर कित्येक जण घोरू लागत. माझे फार कौतुक होते तेव्हा.

मग दादाचा अंगठा थरथरू लागला. माझे एक पाते स्थिर राहते आणि दुसरे अंगठ्यावर चालते. अंगठाच डगमगला, तर मी तरी काय करणार? दादाची मुलगी मात्र तयार होती. सलून झाडता झाडता ती शिकली होती. आईचे, मावशीचे, शेजारच्या पोरांचे केस कापून तिचा हात बसला होता.

अडचण होती समोरच्या घड्याळजीची. गल्लीत कोणाचे काय चुकते, हे ठरवायचा मक्ता त्याच्याकडे होता. पोरीचा हात माझ्या डोक्याला लागला, तर त्याच दिवशी पलीकडच्या गल्लीतले सलून धरीन, असे त्याने बाकावर बसून जाहीर केले होते. बाकावरची निम्मी माणसे त्याच्या होला हो करणारी, तो बोलल्याखेरीज तोंड न उघडणारी. तो गेला, तर तीही जाणार आणि खुर्ची ओस पडणार.

म्हणून दादाने युक्ती काढली. मुलीने केस कापायचे आणि आपण खुर्चीजवळ उभे राहून गप्पा मारायच्या. चष्मा काढला की घड्याळजीला आरशात नुसता धूसर डाग दिसे. पण कान? घड्याळांची टिकटिक ऐकत ज्याचा जन्म गेला, त्याच्या कानाला कोण फसवणार? तेव्हा दादा रोज दुपारी मुलीला आपला ठेका शिकवू लागला. तिचा अंगठा लहान. माझा ठेका तिच्या हातात चिक्चिक्-चक् असाच निघे. दादाने माझा स्क्रू आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. ती बिचारी रडकुंडीला आली.

मित्रांनो, तेव्हा मला राग आला. ज्या देवाने चिमणीला चिवचिव दिली आणि बेडकाला डराव डराव दिले, त्याला काय सगळ्यांना एकच गळा देता आला नसता? तो काय चुकला, म्हणून दादाने स्क्रू पिळत बसावे? मी ठरवले, हिच्या हातात मी दादासारखी वाजणार नाही.

घड्याळजी आला, चष्मा काढून बसला. दादाने हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. मुलगी अंगठा ताणून ताणून, माझ्या मनाविरुद्ध, कसाबसा बापाचा ठेका काढत होती. तिचे सगळे लक्ष आवाजाकडे, केसांकडे नाहीच. उजवी बाजू होता होता माझे टोक घड्याळजीच्या कानाला गार लागले. तो दचकला. सुदैवाने खरचटलेही नाही.

मुलगी थांबली. क्षणभर मी तिच्या हातात नुसतीच उघडी होते. मग तिने अंगठा सैल सोडला. चिक्चिक्-चक्.

घड्याळजीने डोळे उघडले. "हा हात कोणाचा?"

"अरे, माझाच की," दादा पुटपुटला.

"माझा आहे, काका," मुलगी म्हणाली. "उठायचं असेल तर उठा. पण डावी बाजू राहिलीय."

घड्याळजीने डोके चाचपले. उजवीकडे शेत कापलेले, डावीकडे झुडूप. बाकावरच्या सगळ्यांनी वर्तमानपत्रात तोंडे लपवली. तो गुरगुरला, असल्या अवतारात जाऊ कुठे, आणि त्याने डोळे मिटले.

मग मी वाजले! डावी बाजू संपेपर्यंत खणखणीत वाजले. चष्मा लावून त्याने दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा पाहिल्या. खोट सापडेना, म्हणून बिचारा हिरमुसला.

"तुझी कात्री फार घाईत बोलते," दारातून तो म्हणाला.

"होईल तुम्हाला सवय."

झाली सवय. होला हो करणाऱ्यांपैकी एक जण पलीकडच्या गल्लीत गेला, तो गेलाच. गेला तर गेला.

मित्रांनो, माझ्याने पुठ्ठा कापू नका. मला फरशीवर पाडू नका. स्क्रूला थेंबभर तेल देत जा. पण गप्प बस, असे सांगू नका. तुमच्या हसण्याला, तुमच्या पावलांना कोणी दुसऱ्याचा ठेका लावू पाहील, तर त्याचेही ऐकू नका.

आता माझे मागणे. दादा हल्ली बाकावर बसतो. आता फसवायचे कोणालाच नव्हते, म्हणून मुलीने एकदा विचारले, तुमचा ठेका मन लावून शिकू का? दादाने मान हलवली. "नको गं. तो माझा होता."

त्याचा अंगठा अजून गुडघ्यावर हलतो. एक लांब, दोन आखूड. त्याला आवाज नाही. तुम्ही कधी खुर्चीत डोळे मिटून बसाल आणि कानाशी कोणाची तरी कात्री हवा कापील, तेव्हा माझ्या दादाची एकदा आठवण काढा.