बाबांच्या नंबराचं चाक

दुकानात शिरल्यापासून भिंगरीचा पाय एका जागी ठरत नव्हता. हे नाव बाबांनी ठेवलेलं. तळ्याकाठी ते तासन्‌तास दगडासारखे बसत आणि ही चुळबुळ करायला लागली की पुटपुटत, "भिंगरे, तुझ्यापायी पाखरं गाव सोडतील." बाबांना जाऊन आठ महिने झाले होते.

"एकदाचं ठरव गं," दादा म्हणाला. "तिसरी खेप ही. नवरा पसंत करताना एवढा घोळ घातला नव्हतास."

"तो परत करता येतो."

काउंटरवर नवा मिररलेस कॅमेरा होता आणि शेजारी बाबांचा जुना डीएसएलआर. जुना देऊन नवा घ्यायचा होता. घरी तिने कारणं धडाधड सांगितली होती: हा हलका आहे, आत आरसाच नाही म्हणून खट्‌ वाजत नाही, पाखराचा डोळा आपणहून पकडतो. सगळी खरीच होती. मुख्य कारण मात्र तिने कुणाजवळ काढलं नव्हतं.

जुन्यातून तिला नीट दिसायचंच नाही. बाबा चष्मा कपाळावर चढवून फोटो काढत आणि डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरशेजारचं बारकं चाक त्यांनी आपल्या नंबराला लावून ठेवलं होतं. ते जरा फिरवलं असतं तर काम झालं असतं. पण तिथे बाबांची नजर जशीच्या तशी होती, ती पुसायला हिचं बोट धजेना. इतके महिने ती धुक्यात बघून बटण दाबत आली होती. फोकस कॅमेराच करायचा, त्यामुळे फोटो स्वच्छ यायचे. बगळा तिला घरी आल्यावर दिसायचा.

दुकानदाराने जुना उचलून डोळ्याला लावला. "अरेच्चा, हे तर पार हललंय," म्हणत त्याने अंगठ्याने चाक फिरवलं.

"थांबा!"

तो दचकला. "काय झालं ताई?"

"किती फिरवलंत?"

"आता कोण मोजतंय? ज्याने त्याने आपल्या डोळ्याला लावायचं असतं ते."

दादा तिच्याकडे बघत राहिला. "बाबांचं होतं?"

तिने मान हलवली.

"मला सांगायचंस तरी."

"हसला असतास."

"हसलो असतो," तो म्हणाला, आणि उगाच दाराकडे तोंड करून उभा राहिला.

तिने कॅमेरा ओढून घेतला. समोरच्या छपरावर पारवा होता, जरासा अंधुक. ही आता दुकानदाराची नजर. तिने चाक आणखी थोडं सरकवलं. मानेवरची हिरवी-जांभळी झाक उमटली, मग लालसर डोळा. तिने बटण दाबलं. खट्‌. कार्ड काढून घेतलं आणि कॅमेरा दुकानदारापुढे सरकवला. "घ्या."

नवा डोळ्याला लावला तर तोही धूसर.

"यालाही चाक असतं?"

"असणारच. सगळ्यांचे डोळे काय एका साच्यातले?"

तिने ते लावून घेतलं, पारव्यावर धरलं.

"काढ की," दादा म्हणाला.

"काढला."

"वाजला कुठे? बघू इकडे." त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगरी बघतच राहिली. "हॅ, सगळं पुसट दिसतंय," म्हणत त्याचा अंगठा चाकाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"फिरव," ती म्हणाली. "मी परत लावून घेईन."