मोनिकाच्या वहीतलं घर

वह्या तपासताना माझा हात फार घाईत असतो. बेचाळीस वह्या आणि डोक्यात एकच धास्ती, संभाजीनगरची बस चुकायची. करमाडच्या शाळेत मी सहावीला इंग्रजी शिकवतो. त्या आठवड्यात अपॉस्ट्रॉफी घेतला होता. एखादी वस्तू कोणाची ते सांगायचं, तर नावाच्या डोक्यावर एक स्वल्पविराम लटकवायचा नि पुढं एस. घरातल्या वस्तूंवर पाच वाक्यं लिहून आणा म्हणालो.

मोनिकानं लिहिलं होतं, 'धिस इज माय मदर्स हाउस.' चिन्ह अगदी जागच्या जागी. तरी मी 'मदर्स' खोडलं आणि वर लाल शाईनं 'फादर्स' लिहिलं. का? तर घर बापाचंच असतं, पोरगी चुकली असेल. विचार तरी कसला, मेली सवय.

तिसऱ्या दिवशी तिची आई रत्नमाला शेंद्र्याच्या कंपनीतून तशीच, युनिफॉर्मवर शाळेत आली. तिचं ऐकून मला खुर्चीत बसवेना. दहा वर्षं मशीनवर उभं राहून तिनं जागा घेतली, दोन खोल्या बांधल्या. ग्रामपंचायतीत घर तिच्या एकटीच्या नावावर आहे. नवरा ते स्वतःच्या नावावर करून मागतोय, त्यावरून रोज भांडणं. पोरगी तेवढी आईच्या बाजूनं बोलायची. आता तो ती वही गल्लीभर दाखवत फिरतोय, बघा, सरसुद्धा घर बापाचंच म्हणतात.

"सर, पोरीनं खरं तेच लिवलं व्हतं," रत्नमाला म्हणाली. "तुमी चूक काढली. तवापासून ती गप झाली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कसला मी शिक्षक! दुसऱ्याच दिवशी मोनिकाला वही आणायला लावली, माझं लाल अक्षर खोडलं, 'मोनिकाचं बरोबर, चूक माझी' असं लिहून खाली सही केली. वर्गातही सगळ्यांसमोर चूक कबूल केली. खरं सांगतो, जरा हलकं वाटलं.

मग मोनिकाला जवळ बोलावलं. म्हटलं, घाबरू नकोस बाळा, आता तूच सांग, घर कोणाचं?

ती हाताची घडी घालून ताठ उभी राहिली. पाठ केलेलं उत्तर म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "तुमी सांगाल त्याचं, सर."