हिरव्या टोपीचं माप

आमच्या घरात एक भिंत बेसबॉलच्या टोप्यांनी भरलेली आहे. बेसबॉल मी कधी खेळलो नाही, पाहिलाही नाही. या टोप्या आवडतात, दिसली की घेतो आणि घालतो. बायको म्हणायची, "डोकं एक, तेही टकलं, आणि थाट बघा!" तिने मात्र टोपीला कधी हात लावला नाही, अशी माझी समजूत होती.

ती गेल्यावर मी भिंतीकडे फिरकलोच नाही. मग एका सकाळी धूळ झटकायला घेतली. हिरवी टोपी घालून पाहिली तर डोक्यात शिरेना. मागची प्लास्टिकची पट्टी पार आतल्या भोकाला आवळलेली. माझं डोकं मोठं, माझ्या सगळ्या टोप्या शेवटच्या भोकाला असतात. जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेला. माप चुकलेलं दिसलं की मला चैन पडत नाही. टोपी उलटी केली. आत एक लांब केस होता, मुळाशी पांढरा आणि पुढे कलप लावलेला.

म्हणजे तिनेच घातली होती. पण कुठे? कोणासाठी? आणि मला का नाही सांगितलं?

मुलीला फोन केला. "आई आणि टोपी? काहीतरीच काय, बाबा!"

शेवटी आमच्या घराखालच्या शिवणकामाच्या दुकानात गेलो. बायको तिथेच चक्कर येऊन पडली होती, म्हणून इतके दिवस ते दार टाळत होतो. माझ्या हातातली टोपी पाहून शिवणवालीने मशीन थांबवलं.

"काका, कळलं वाटतं?"

"काय कळलं? बोल, मी रागावणार नाही."

"तुम्ही दुपारी झोपलात की काकू एखादी टोपी घेऊन खाली यायच्या. या आरशासमोर तुमची नक्कल करायच्या. आम्ही हसून हसून लोळायचो! जाताना पट्टी परत तुमच्या मापाची करायच्या. म्हणायच्या, 'लेथवाला आहे, लगेच पकडेल.'"

"मग ही कशी राहिली?"

"ही त्या दिवशीची." तिचा आवाज उतरला. "तुम्ही काकूंबरोबर दवाखान्यात होता. घराची किल्ली माझ्याकडे होती, मीच भिंतीवर अडकवून आले. पट्टीचं लक्षात नाही आलं."

मी टोपी घेऊन दाराकडे वळलो. पण राहवेना.

"ती माझी नक्कल कशी करायची?"

"जाऊ द्या ना, काका."

"नाही, दाखवच."

ती उठली. एक हात पाठीमागे, पोट पुढे, मान ताठ. दारापासून आरशापर्यंत चालत आली आणि टेबलावर बोट आपटलं. "'हे कोणी ठेवलं इथे? वस्तूला जागा असते की नाही?' आणि काकू म्हणायच्या, ते ठेवलेलं असायचं तुम्हीच!"

"मी असा चालतो?"

ती हसू दाबत बॉबीन शोधायला लागली.

मी हिरवी टोपी डोक्यावर ठेवली. पट्टी सैल केली नाही. ती टाळूवर कशीबशी बसली. हात मागे घेतला, चालत आलो, टेबलावर बोट आपटलं. "हे कोणी ठेवलं इथे?"

शिवणवालीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"नाही हो काका, काकूंसारखं नाही जमलं. पोट अजून पुढे."

मी पोट पुढे काढलं आणि परत दारापाशी गेलो.